रेतीच्या ग्रहावरचा तलाव

या सदराविरुद्ध मी आजवर दोन पत्रं पाठवली. संपादकांनी एकही छापलं नाही. चिंचेखाली पांढरी बाई दिसली, विहिरीत कोणी नाव घेऊन हाक मारली... असल्या गोष्टी छापणं म्हणजे वाचकांना मूर्ख समजणं आहे, असं मी त्यांत लिहिलं होतं. माझं मत बदललेलं नाही. ‘माझा या गोष्टींवर कधीच विश्वास नव्हता’ असं म्हणून पुढच्या ओळीत भूत उभं करायचं, ही इथली रीतही मला ठाऊक आहे. म्हणून आधीच सांगून टाकतो — या हकिकतीत भूत नाही. एक पिक्चर आहे, एक तलाव आहे, आणि तलावाच्या पाळीखाली माझ्या आईचं घर आहे.

गाव भंडारा जिल्ह्यात, लाखांदूरहून एसटीनं थोडं पुढं उतरलं की दोन मैल पायी. नाव देत नाही, गावाला उगाच प्रसिद्धी नको. गावाच्या वर जुना मालगुजारी तलाव, जमीनदारांनी शेतीसाठी बांधलेला. त्याच्या मातीच्या पाळीखाली, म्हणजे बांधाखाली, उतारावर आमची वस्ती, बारा घरं, त्यातलं पाळीला सगळ्यात जवळचं आमचं. गावात सगळ्यात धोक्याची जागा आमच्याच लोकांना का मिळाली, हे वेगळं सांगायला नको. छप्पन सालापासून आमच्या घरात देव्हारा नाही. वडील गेल्यावर आईनं रोजीनं धान रोवून मला बी.ए. पर्यंत शिकवलं. नवस, अंगारा, अंगात येणं — हे तिनं कधी केलं नाही. हे लक्षात ठेवा, कारण पुढं मी तिलाच भर लोकांत अडाणी म्हटलं.

साल त्र्याऐंशी. पोळा होऊन आठवडा झाला होता. तलाव तुडुंब होता आणि मी चोवीस वर्षांचा होतो. आम्ही चार पोरांनी विज्ञान मंडळ काढलं होतं. सायक्लोस्टाईल पत्रकं मी लिहायचो, मीच वाटायचो. तेव्हाचं ताजं पत्रक होतं ‘दृष्टान्त म्हणजे थोतांड’. त्याच्या जोडीला एखादा विज्ञानाचा पिक्चर दाखवावा म्हणून मी नागपूरच्या एका फिल्म लायब्ररीच्या यादीतून रॉकेटचं चित्र पाहून एक नाव निवडलं. परदेशी पिक्चर. त्यात चंद्र असेल, यान असेल, लोकांचे डोळे उघडतील, असा माझा हिशेब.

पिक्चर घेऊन भंडाऱ्याहून वसंता आला. वसंता प्रोजेक्टर चालवायचा. वय तिशीचं, हडकुळा, कमी बोलणारा. शाळेच्या अंगणात संध्याकाळी साडेसातला शो लावला. व्हरांड्याच्या दोन खांबांना पांढरी चादर बांधली. पुरुष अंगणात, प्रोजेक्टरच्या बाजूला. बाया चादरीच्या मागं व्हरांड्यात. आमच्याकडे पिक्चर असाच पाहतात. मागून चित्र दिसतं, फक्त उजव्याचं डावं होतं आणि अक्षरं उलटी पडतात. वाचायचंच नसेल तर काही बिघडत नाही. त्या दिवशी व्हरांड्यात बायांबरोबर एकच पुरुष होता, तानबाजी. सत्तरीचा म्हातारा, तलावाचं पाणी धानाच्या बांध्याबांध्यांना वाटून देणारा. पाठ दुखते म्हणून त्याला टेकायला भिंत हवी होती.

पिक्चर सुरू झाला आणि माझं तोंड उतरलं.

काही होईचना! एक बाई आणि एक माणूस कुठल्या तरी लांबच्या ग्रहावर, एका पांढऱ्या इमारतीत. चहूकडं रेती. ती बाई एक कप टेबलावर ठेवते. मग कॅमेरा त्या कपाकडंच पाहत राहतो. मिनिटभर... दोन मिनिटं... खाली मधूनच एखादी इंग्रजी ओळ यायची, ती मी मोठ्यानं मराठीत सांगायचो. “ती म्हणते, आज उजेड वेगळा आहे!” लोक हसायचे.

“सुधाकरभाऊ, कप खाली पडन तं उठव मले,” एकजण म्हणाला.

“यांच्या बस चुकल्या वाटते. लाखांदूरच्या स्टँडवर असेच बसून राह्यतेत लोकं.”

मी वसंताकडं गेलो. “फास्ट नाही का करता येत?”

तो चिडला. त्याला चिडताना मी पहिल्यांदा पाहिलं. “भाऊ, हा पिक्चर मी सहाव्यांदा लावून राहिलो. तुमी वाचणं बंद करा अन् पाहा. कपाच्या दोन सावल्या आहेत. दोन सूर्य आहेत ना तिथं. एक सावली गडद, एक फिकी. हळूहळू एकमेकीकडं चालल्या. एवढं सुंदर कोण दाखवते?”

“मी सावल्या दाखवायला बोलावलं नाही तुम्हाला,” मी म्हणालो.

दुसरं रीळ लागलं. मी कंटाळून पत्रकाच्या मागं वेळ लिहून ठेवली, आठ वाजून अठरा. काही वेळानं खालच्या ओळी यायच्या थांबल्या. चित्रात नुसता उजेड हलत होता. लोक उठायला लागलेले पाहून मला वाटलं, हीच संधी. मी चादरीपुढं उभा राहिलो, पाठ पिक्चरकडं, तोंड लोकांकडं, आणि भाषण सुरू केलं. विश्व किती मोठं, माणूस किती लहान, आणि तरी आपण अंगात आणणाऱ्या बुवाच्या पाया कसे पडतो! चांगलं झालं भाषण. दहा-अकरा मिनिटं बोललो असेन. लोक माझ्याकडं पाहत होते. माझ्या पाठीमागं पडद्यावर काय चाललं होतं, ते मी पाहिलं नाही. हे मी कोर्टात शपथेवर सांगावं तसं सांगतो... मी पाहिलं नाही.

भाषण संपलं, बसलो, खाली ओळ आली, मी ती वाचली. रीळ संपलं तेव्हा नऊ वाजून अकरा झाले होते. तेही लिहिलं.

शो संपला. अंगणात गलका, पण व्हरांडा चिडीचूप. मागं जाऊन पाहतो तर एकही बाई उठलेली नाही. तानबाजी काठीवर हनुवटी ठेवून बसला होता.

“सुधाकर, तलाव मस्त दाखवलास गा,” तो म्हणाला. “पण दुसऱ्या जांभळीपाशी पाणी फिरून राहिलं. पाह्यलंस काय?”

“कोणता तलाव?”

“आपला. दुसरा कोणता? तू चादरीपुढं भाषण देऊन राहिला होतास, तवा. पाळ दिसली, तुडुम दिसला” — तुडुम म्हणजे पाणी सोडायची जुनी दगडी मोरी — “तिथून पुढं जांभळीची दोन झाडं. दुसरीपाशी एक पान आलं. जाग्यावरच फिरत राह्यलं. मंग उभं झालं अन् आत गेलं. खालून पाळ पोखरली आहे तिथं.”

मला हसू आलं. “बाबा, हा पिक्चर परदेशातला आहे. तो ग्रह आहे. रेती आहे ती!”

“मले ग्रह समजत नाही. पाणी समजते.”

तेवढ्यात आई पुढं आली. “मीनं बी पाह्यलं, बाबू. आपलाच तलाव होता, दुसरीच जांभूळ.”

बाकीच्या बायांपैकी काही म्हणाल्या पाणी होतं, काही म्हणाल्या रेती असंल बापा, चमकत होती. अंगणातल्या पुरुषांना विचारलं तर ते म्हणाले, आमी तं तुयाकडंच पाहून राह्यलो होतो. आणि मी... मी सगळ्यांसमोर आईला म्हणालो, “तू तरी अडाण्यासारखं बोलू नको.” ती त्या रात्री घरी गेली नाही, एवढंच. शाळेच्या व्हरांड्यातच झोपली. तानबाजीनं तिला सांगितलं होतं की पाळ फुटली तर पहिलं घर तुझं जाईल.

मला झोप आली नाही. पण माझ्या डोक्यात पाणी नव्हतं, डाव होता. याच्यामागं कोण आहे? आमची वस्ती उठावी असं गावात दोघा-तिघांना फार दिवस वाटत होतं. त्यांनी वसंताला फोडून रिळात तुकडा जोडला नसेल? पिक्चरचा तुकडा कापून चिकटवता येतो, हे मला माहीत होतं. वसंता तो पिक्चर एवढा का चघळतो, याचाही मला संशय आला. ज्यात काही घडतच नाही असा पिक्चर कोणी सहा वेळा पाहतो का?

सकाळी त्याची एसटी मी चुकवायला लावली. शाळेच्या एका खोलीच्या खिडक्यांना पोती लावली आणि म्हणालो, “दुसरं रीळ लावा. पूर्ण. मी पाहतो.”

“आता पाह्यता काय? काल पाह्यलं असतं तं...” तो पुटपुटला आणि त्यानं लावलं.

जोड सापडावा म्हणून मी एकेक चित्र डोळे फाडून पाहिलं. ओळी वाचल्या नाहीत. आणि खोटं कशाला बोलू, तेव्हा मला पहिल्यांदा तो पिक्चर दिसला. संशयानं पाहत होतो, पण पाहत होतो. अंधाऱ्या खोलीत एका फटीतून उजेड येतो आणि त्यात धूळ तरंगते. ती धूळ खाली बसेपर्यंत कॅमेरा हलत नाही. ती बाई काचेवर तळहात ठेवते. हात काढल्यावर काचेवरचा ओलावा कडेकडेनं आत आटत जातो, शेवटी एका बोटाएवढा राहतो आणि जातो. बाहेर रेतीचं मैदान, त्यावरून दोन सावल्या, एकीचा रंग जांभळट, दुसरीचा तांबूस. मला माझाच राग आला. काल एवढं सगळं समोर असताना मी बडबडत होतो.

पण पाणी? नाही. तो ग्रह कोरडा आहे. त्या रिळात तलाव, नदी, डबकं, काहीही नाही. नवा जोडही नाही. वसंतानं रीळ हातानं गुंडाळताना मी दोन बोटांत धरून पूर्ण तपासलं. एक साधा चिकटलेला जोड सुरुवातीला, तो जुना आणि पिवळा पडलेला.

आणि रीळ बेचाळीस मिनिटांत संपलं. रात्री त्रेपन्न मिनिटं चाललं होतं.

“व्होल्टेज कमी असंल रात्री,” वसंता म्हणाला. “मोटर हळू चालते मंग.”

“मग आवाज जड झाला असता ना?”

“हो. झाला असता. झाला नाही.”

हे मी कोणाला सांगितलं नाही. मला हवं ते सापडलं होतं, पिक्चरमध्ये पाणी नाही! मी चौकात जाऊन ओरडून सांगितलं. तपासणी झाली, पुरावा आहे, तलाव वगैरे भ्रम होता, घाबरू नका. लोकांनी टाळ्या वाजवल्या. वसंता दुपारच्या एसटीनं गेला.

इकडं तानबाजी पहाटेपासून पाळीवर बसून होता. पाणी सोडण्याआधी तासभर नुसतं पाण्याकडं पाहत बसायचं, ही त्याची आयुष्यभराची सवय. वाऱ्यानं कोणतं पान कुठं जातं, कुठं थबकतं, त्यावरून तो पाण्याची तब्येत ओळखायचा. पण दुसऱ्या जांभळीपाशी कमळाची पानं दाट पसरली होती. भोवरा असला तरी वरून दिसणं शक्यच नव्हतं.

“पिक्चरमधी पानं नव्हती कमळाची,” तो मला म्हणाला. “म्हणून दिसलं.”

त्याला तुडुम उघडून पाणी उतरवायचं होतं. पाणी उतरवायचं म्हणजे निसवायला, म्हणजे लोंब्या धरायला, आलेल्या धानाचं पाणी ओढ्याला घालवायचं. शेतकरी तयार होणार कसे? तानबाजीनं घरोघर जाऊन विनवलं आणि त्याला घरोघर एकच उत्तर मिळालं. मी तिथं होतो एका ठिकाणी. घरवाल्यानं माझंच पत्रक दाखवलं.

“हे कोणं लिवलं, सुधाकरभाऊ? दृष्टान्त म्हणजे थोतांड. तूच सांगतेस अन् आता तुयीच माय दृष्टान्त सांगून राहिली? मंग आमी कोणाचं आयकाव?”

त्याचा तर्क बरोबर होता. माझाच होता.

तिसऱ्या दिवशी आईनं घरातलं धान पोत्यात भरून डोक्यावरून शाळेत न्यायला सुरुवात केली. मग भांडी, मग गोधड्या. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लोक उभे. “विज्ञानवाल्याची माय चालली पुराले भिऊन!” पोट्टे मागं धावत होते. मी वाटेत तिला अडवलं.

“माय, माझी इज्जत घालवून राहिलीस तू.”

ती थांबली नाही. “तुयी इज्जत तू पाह्य. मी घर पाहून राहिली.”

“पिक्चरमध्ये पाणी नाही. मी स्वतः तपासलं.”

“तू कायले तपासतेस? तवा पाठ करून उभा होतास.”

डोक्यावर पोतं घेऊन ती पुढं गेली. मी घरातून कुदळ आणि विळा घेतला आणि पाळीकडं गेलो. मनाला सांगितलं, हे परीक्षण आहे. दावा खोटा ठरवायचा तर जागेवर जाऊन ठरवला पाहिजे. तानबाजी काठी टेकत मागून आला. पाळीच्या बाहेरच्या अंगाला, दुसऱ्या जांभळीच्या बरोबर खाली, बेशरमीची झुडपं माजली होती. त्यात वर्षानुवर्षं कोणी शिरलं नसेल. मी विळ्यानं ती कापत गेलो.

“खोदू नको,” तानबाजी वरून म्हणाला. “नुसतं पाह्य. निवळ पाणी येत असंल तं भेव नाही. गढूळ आलं तं माती चालली समज.”

शेवटचं झुडूप ओढलं तर मुळाशी भोक. ओलं. मी हात घातला. मनगट गेलं, कोपर गेलं, खांदा पाळीला लागला तरी टोक लागेना. आत थंडगार पाणी बोटांवरून वाहत होतं. हात बाहेर काढला तो मातीनं माखलेला. भोकातून पाण्याची बारीक धार आली, पातळ पिठल्यासारखी पिवळी.

मी धावलो. चौकात उभा राहून ओरडलो, तीन दिवसांत दुसऱ्यांदा. काय ओरडलो ते आठवत नाही. लोक आले, त्यांनी ते पाणी पाहिलं, आणि मग कोणालाच पत्रकाची आठवण राहिली नाही. तुडुम उघडला. मातीची पोती, धानाचं तणस, दगड... अंधार पडेपर्यंत सारा गाव राबत होता. दोन दिवसांनी पाणी उतरल्यावर आतल्या बाजूला दिसलं, माणूस बसेल एवढी पोकळी झाली होती. वर फक्त हातभर मातीची कमान उरली होती. त्याच आठवड्यात पुन्हा मोठा पाऊस झाला. पाळ टिकली. आमचं घर टिकलं.

आता तुम्ही म्हणाल, सोपं आहे. तानबाजीला अनुभवानं आधीच माहीत होतं, पिक्चर हे नुसतं निमित्त. माझ्या मंडळातल्या पोरांनीही मला हेच लिहायला लावलं आणि मी पत्रक काढलंसुद्धा: ‘अनुभवाचा विजय’. पण ते छापण्याआधी मी तानबाजीला विचारलं होतं, “तुमाले आधीच माहीत होतं ना?”

तो माझ्याकडं असा पाहत राहिला की मला लाज वाटली. “बेट्या, माहीत असतं तं मी पिक्चर पाह्याले बसलो असतो काय?”

दुसरी शंका, त्यांनी रेतीला पाणी समजून आपल्या मनातला तलाव पाहिला. चालेल. मग दोघांना एकच जांभूळ कशी दिसली? आणि अकरा मिनिटं कुठून आली? वसंताला मी तीन पत्रं लिहिली. त्यानं एकाचंच उत्तर दिलं: ‘मी यंत्राच्या मागे होतो. तुम्ही उजेडात उभे होता, मला तुमची पाठच दिसत होती.’ भाषणभर माझं तोंड लोकांकडं, म्हणजे त्याच्याकडंच होतं. चूक लिहिताना झाली असेल. असेलच. मी आणखी विचारलं नाही.

गेल्या वर्षी तानबाजी वारला. त्याच्या मातीवरून घरी परतताना आई अचानक म्हणाली, “त्याले सारं नाही दिसलं. त्याची नजर पाण्यावर होती.”

“म्हणजे?”

“पाळीखाली आपलं घरबी होतं पिक्चरमधी. तू दारात बसून वाचत होतास. पाणी आंगणात आलं, उंबऱ्यावर चढलं, तुया पायाले लागलं. तू मान वर नाही केलीस. मी लय हाका मारल्या.”

“कुठून मारल्यास? व्हरांड्यातून?”

“तेच तं समजत नाही. आवाज निघाला काय नाही, तेबी आठवत नाही. मंग तू भाषण थांबवलंस अन् रेती आली.”

त्या व्हरांड्यात बसलेल्या प्रत्येक बाईला मी नंतर विचारलं, शो चालू असताना माझी आई ओरडली का. सगळ्या म्हणाल्या, नाही. एक म्हणाली, ओरडली नाही, पण उठून चादरीला हात लावत होती.

मी पुढच्या बाजूनं त्या चादरीपासून हातभर अंतरावर उभा होतो, विज्ञानावर बोलत. मला काहीच जाणवलं नाही. याचा उलगडा मला करता आलेला नाही, आणि पत्रक काढून तो होईल असंही मला वाटत नाही.